गट सोडला की सीमेवर काय बदलतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

एखादा देश व्यापार गटातून बाहेर पडला की त्याच्या सीमेवर कोणते कायदे लागू होतात, याविषयी या अंकासाठी प्रश्न मागवले होते. बहुतेक प्रश्न ब्रिटन आणि युरोपीय संघाबद्दल आले, तेव्हा तारखा आधीच मांडून ठेवतो. सार्वमत २३ जून २०१६ रोजी झालं. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघातून बाहेर पडलं, पण संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० पर्यंत होता आणि तोवर सीमेवर काहीही बदललं नाही. १ जानेवारी २०२१ पासून दोघांमधला व्यापार आणि सहकार्य करार लागू झाला. सीमेवरचा खरा फरक त्या दिवसापासूनचा.

प्रश्न: गट सोडल्यावर सीमेवर चौक्या बसवणं जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनी बंधनकारक आहे, असं आम्हाला कायद्याच्या वर्गात सांगितलं गेलं. मला ते कलम काही सापडत नाही. कुठे आहे?

सापडणार नाही, कारण तसं कलमच नाही. सीमेवर तपासणी करा, चौकी बांधा, गाड्या थांबवा असं गॅट करारात, म्हणजे संघटनेच्या मालव्यापाराच्या मूळ करारात, कुठेही म्हटलेलं नाही. भेदभाव करू नका, एवढंच तो करार सांगतो. पहिल्या कलमातला ‘सर्वाधिक अनुकूल राष्ट्र’ हा नियम असा: एका सदस्य देशाच्या मालाला जी सवलत द्याल, ती तशाच मालासाठी इतर सर्व सदस्यांना द्यावी लागेल. एका शेजाऱ्याचा माल तुम्ही शुल्क न घेता, कागद न बघता आत सोडला, तर दुसरा देश विचारणार, ‘मग आमचा का अडवता?’ चौकीची गरज या प्रश्नातून, आडमार्गाने निर्माण होते.

याला अपवाद आहेत. सर्वात मोठा कलम २४ चा. सीमाशुल्क संघ किंवा मुक्त व्यापार करार केला तर आपसात जास्तीची सवलत देता येते, मात्र ‘जवळजवळ सगळा व्यापार’ त्या कराराखाली यावा लागतो. त्याच कलमाच्या तिसऱ्या परिच्छेदात शेजारी देशांमधल्या सीमावर्ती वाहतुकीला सवलत द्यायची मुभा आहे. ती सीमेलगतच्या दैनंदिन व्यवहारांसाठी आहे. अख्ख्या देशाचा व्यापार तिच्यात बसवणं अवघड. कलम २१ मध्ये सुरक्षेचा अपवाद आहे. आयर्लंडच्या संदर्भात काही अभ्यासकांनी तो पुढे केला होता, पण सरकारांनी त्यावर मदार ठेवली नाही.

शिवाय २२ फेब्रुवारी २०१७ पासून लागू असलेला व्यापार सुलभीकरण करार जोखीम पाहून तपासणी करा असं सांगतो. म्हणजे प्रत्येक गाडी उघडण्याची अपेक्षा कायद्यालाही नाही. तपासणी सीमारेषेवरच झाली पाहिजे असंही तो म्हणत नाही.

मग चौक्या येतात कुठून? गटाच्या स्वतःच्या कायद्यातून. युरोपीय संघाच्या सीमाशुल्क संहितेनुसार बाहेरून येणारा माल हद्दीत शिरताक्षणी सीमाशुल्क खात्याच्या देखरेखीखाली येतो. प्राणिजन्य मालाचा नियम आणखी कडक आहे. तो ठरवून दिलेल्या सीमा नियंत्रण चौकीतूनच आत आला पाहिजे आणि ती चौकी प्रवेशाच्या जागेला लागूनच असली पाहिजे. शुल्काचा हिशोब कार्यालयात बसून करता येतो, मांसाची तपासणी तशी होत नाही. सीमेवरच्या वादांत हा फरक बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

१३ मार्च २०१९ रोजी ब्रिटिश सरकारने जाहीर केलं होतं की कराराविना बाहेर पडावं लागलं, तर आयर्लंडमधून ब्रिटनचाच भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये जमिनीवरून येणाऱ्या मालावर शुल्कही नाही आणि तपासणीही नाही. तात्पुरती आणि एकतर्फी व्यवस्था, असं त्याचं वर्णन होतं. पहिल्या कलमापुढे ती किती टिकली असती याबद्दल शंका घ्यायला भरपूर जागा होती. परीक्षेची वेळ आली नाही, इतकंच. आणि जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार फक्त सरकारंच करू शकतात, निकाल लागला तरी मागची भरपाई मिळत नाही आणि तिथलं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. कायदा मोडणं आणि मोडल्याची किंमत मोजावी लागणं यांत इथे बरंच अंतर आहे.

प्रश्न: करार झाला नाही तरी कलम २४ खाली दहा वर्षं शून्य शुल्कावर व्यापार चालू ठेवता येतो, असं ऐकलं होतं. खरं का?

नाही. ती दहा वर्षं ‘अंतरिम करारा’साठीची कमाल मुदत आहे. अंतरिम असला तरी तो करारच. त्याला दोन्ही बाजूंची संमती लागते, पूर्ण कराराकडे जाण्याचा आराखडा आणि वेळापत्रक लागतं. एका बाजूने ‘आम्ही कलम २४ वापरतोय’ असं जाहीर करून काही साधत नाही.

प्रश्न: आयर्लंड बेटावर चौकी नको, ब्रिटनला संघात राहायचं नाही आणि संघाला आपली बाजारपेठ उघडी टाकायची नाही. या तिन्ही गोष्टी कायद्यात एकत्र बसवल्या कशा?

ओढाताण करून, आणि सीमा समुद्रात सरकवून.

उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातली सीमा सुमारे ५०० किलोमीटरची आहे. तिच्यावर दोनशेहून जास्त ठिकाणी रस्ते ओलांडतात. १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथल्या लष्करी चौक्या गेल्या आणि त्या परत येऊ नयेत यावर सगळ्यांचं एकमत होतं. ब्रिटनच्या संसदेने २०१८ च्या माघार कायद्याच्या कलम १० मध्ये ते लिहूनच टाकलं: या कायद्याखाली असे कोणतेही नियम करता येणार नाहीत ज्यांनी आधी नसलेली बांधकामं, चौक्या किंवा तपासण्या या सीमेवर येतील. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या सीमापार व्यापार कर कायद्याच्या कलम ५५ ने उत्तर आयर्लंडला ग्रेट ब्रिटनपासून (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्सपासून) वेगळा सीमाशुल्क प्रदेश करायलाही मनाई केली. दोन्ही दारं बंद.

वाट काढली ती ब्रिटन आणि संघ यांच्यातल्या माघार कराराला जोडलेल्या प्रोटोकॉलने, म्हणजे पूरक कराराने. उत्तर आयर्लंड नावाने ब्रिटनच्या सीमाशुल्क प्रदेशात राहिलं, पण मालाच्या बाबतीत तिथे संघाचे सीमाशुल्क नियम आणि बरीचशी मानकं लागू राहिली. त्यामुळे ग्रेट ब्रिटनमधून बेलफास्ट किंवा लार्नला जहाजाने येणाऱ्या मालाची तपासणी बंदरावर सुरू झाली. १८०० च्या एकीकरण कायद्याचा यामुळे भंग होतो, असं म्हणत काही युनियनिस्ट नेते, म्हणजे उत्तर आयर्लंडची ब्रिटनशी एकी टिकवू पाहणारे, न्यायालयात गेले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांचं म्हणणं फेटाळलं: नंतरच्या कायद्याने संसदेने आधीच्या तरतुदीत बदल केलेला आहे, आणि तसा अधिकार संसदेला आहे.

त्याच महिन्याच्या २७ तारखेला प्रोटोकॉलमध्ये बदल करणारा विंडसर आराखडा जाहीर झाला. प्रत्यक्षात माल पाठवणाऱ्याला आज काय करावं लागतं ते या आराखड्यात आहे. माल उत्तर आयर्लंडमध्येच विकला किंवा वापरला जाणार असेल तर तो ‘हिरव्या मार्गिके’तून कमी माहितीवर जातो. त्यासाठी व्यापाऱ्याने ‘यूके इंटर्नल मार्केट स्कीम’ची परवानगी आधी घेतलेली हवी. माल पुढे प्रजासत्ताकात जाण्याची शक्यता असेल तर ‘लाल मार्गिका’, म्हणजे पूर्ण घोषणापत्र आणि संघाच्या नियमांप्रमाणे शुल्क. उत्तर आयर्लंडमध्ये नेऊन मालावर प्रक्रिया करायची असेल आणि वार्षिक उलाढाल २० लाख पौंडांपर्यंत असेल तरच सरसकट हिरवी मार्गिका. त्यापुढे अन्नासारख्या मोजक्या क्षेत्रांपुरती. ही अट कंपन्यांच्या लक्षात उशिरा येते.

किरकोळ दुकानांसाठीच्या खाद्यपदार्थांवर ‘नॉट फॉर ईयू’ असं लेबल लागतं. ते टप्प्याटप्प्याने आलं: ऑक्टोबर २०२३ मध्ये मांस आणि काही दुग्धजन्य पदार्थ, ऑक्टोबर २०२४ मध्ये सगळं दूधदुभतं, जुलै २०२५ मध्ये उरलेल्यांपैकी बरंच काही. लेबलं वाढतील तसं ओळख-तपासणीचं (माल कागदाशी जुळतो का हे पाहण्याचं) प्रमाण १० टक्क्यांवरून ५ टक्क्यांपर्यंत उतरवायचं ठरलं होतं.

लोकशाही संमतीचीही सोय आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी उत्तर आयर्लंडच्या विधानसभेने ४८ विरुद्ध ३६ मतांनी ही व्यवस्था आणखी चार वर्षं चालू ठेवली. शिवाय ‘स्टॉरमाँट ब्रेक’ आहे: किमान दोन पक्षांचे ३० सदस्य एकत्र आले तर संघाचा नवा किंवा बदललेला माल-नियम अडवण्याची प्रक्रिया सुरू करू शकतात.

प्रश्न: करारात शुल्क शून्य आहे, तरी आमच्या ग्राहकाकडून सीमेवर शुल्क घेतलं. अधिकाऱ्याची चूक समजायची का?

बहुतेक नाही. शून्य शुल्क सगळ्या मालाला नसून ‘मूळच्या’ मालाला आहे, म्हणजे ब्रिटन किंवा संघात तयार झालेल्या मालाला. सीमाशुल्क संघ आणि मुक्त व्यापार करार यांच्यातला फरक इथे हाताला लागतो. सीमाशुल्क संघात सगळ्यांचं बाहेरचं शुल्क एकच असतं. एकदा शुल्क भरून आत आलेला माल आत कुठेही फिरतो. मुक्त व्यापार करारात प्रत्येकाचं बाहेरचं शुल्क वेगळं राहतं, म्हणून प्रत्येक खेपेला माल मूळचा कुठला ते सिद्ध करावं लागतं.

एक गमतीदार उदाहरण पाहा. जर्मनीत बनवलेल्या खाऊच्या गोळ्या ब्रिटनमधल्या गोदामात आल्या आणि तिथून आयर्लंडच्या दुकानात निघाल्या. दोन्ही टोकं संघात, तरी शुल्क लागू शकतं. ब्रिटनमध्ये आल्यावर त्या संघाच्या मुक्त वितरणातल्या (संघात शुल्काविना फिरू शकणाऱ्या) राहिल्या नाहीत, आणि ब्रिटनमध्ये त्यांच्यावर कोणतीच प्रक्रिया झाली नाही म्हणून त्या ब्रिटिश मूळच्याही झाल्या नाहीत. नुसतं पुन्हा पॅक करणं, लेबल लावणं, वर्गवारी करणं याने मूळ देश बदलत नाही. अशा वेळी ‘परत आलेला माल’ ही वेगळी सवलत तपासावी: न बदललेला माल तीन वर्षांत परत आला आणि तो संघातून गेल्याचे कागद असले तर शुल्क माफ होऊ शकतं.

खरी प्रक्रिया झाली असेल तर मालागणिक नियम पाहायचा. पेट्रोल किंवा डिझेल मोटारीत बाहेरच्या सुट्या भागांचं मूल्य कारखान्यातल्या किमतीच्या ४५ टक्क्यांपर्यंत चालतं. ओलांडलं की १० टक्के शुल्क. ब्रिटिश कारखान्यात लागलेला जर्मन भाग ब्रिटिश धरला जातो, जपानी किंवा तुर्की भाग नाही. दोन्ही बाजूंचे त्या देशांशी स्वतंत्र करार असले तरीही नाही.

मूळ देश दाखवण्याचा सर्वात सरळ मार्ग म्हणजे निर्यातदाराचं निवेदन. ते इनव्हॉइसवर किंवा माल ओळखता येईल अशा दुसऱ्या व्यापारी कागदावर, करारात दिलेल्या शब्दांतच लिहायचं. आपल्या मनाने वाक्य बदलू नका. ब्रिटिश निर्यातदाराने त्यात आपला ‘इओरी’ क्रमांक, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडचा नोंदणी क्रमांक, घालायचा. संघातल्या निर्यातदाराला ६,००० युरोंपेक्षा मोठ्या खेपेसाठी ‘रेक्स’ (नोंदणीकृत निर्यातदार) क्रमांक लागतो. आयातदार स्वतःच्या माहितीवरही दावा करू शकतो, पण मग पुराव्याची सगळी जबाबदारी त्याच्यावर येते. निर्यातदाराने कागद किमान चार वर्षं आणि आयातदाराने किमान तीन वर्षं जपून ठेवायचे.

तुमच्या बाबतीत माल खरोखर मूळचा असेल आणि निवेदन राहून गेलं असेल, तर अजून वेळ गेलेली नाही. आयातीपासून तीन वर्षांत आयातदार शुल्क परत मागू शकतो. व्हॅट मात्र वेगळा आहे. शुल्क शून्य असलं तरी आयातीवर तो लागतोच, ब्रिटनमध्ये साधारण दर २० टक्के.

प्रश्न: खाद्यपदार्थांच्या गाड्याच सर्वात जास्त का अडकतात?

कारण तिथे शुल्काचा अधिकारी आणि आरोग्याचा अधिकारी, दोघांची समजूत पटवावी लागते, आणि दुसरा पहिल्यापेक्षा काटेकोर असतो. ब्रिटनमधून संघात मांस, मासे, दूध, अंडी पाठवायची तर क्रम असा. सरकारमान्य पशुवैद्य माल पाहून निर्यात आरोग्य प्रमाणपत्रावर सही करतो. आयातदार संघाच्या ‘ट्रेसेस’ प्रणालीत माल पोहोचण्याच्या किमान एक कामाचा दिवस आधी सूचना भरतो. गाडी ठरलेल्या नियंत्रण चौकीत जाते. तिथे कागद प्रत्येक खेपेचे तपासतात, मालाची ओळख आणि प्रत्यक्ष तपासणी जोखमीनुसार.

अडकण्याची कारणं ऐकायला क्षुल्लक वाटतात. पशुवैद्याची सही आणि शिक्का छापील मजकुरापेक्षा वेगळ्या रंगात हवेत, हा संघाच्या नियमातला शब्दशः मुद्दा आहे. काळ्या छपाईवर काळ्या शाईने सही केली तर कागद परत. लागू नसलेले पर्याय खोडून बाजूला आद्याक्षरी केली नाही, तरी परत. प्रमाणपत्र चौकी ज्या देशात आहे त्याच्या भाषेतही लागतं. ऐन वेळी गाडी फ्रान्सऐवजी नेदरलँड्सला वळवली की ते कुचकामी. एका ट्रेलरमध्ये दहा जणांचा माल भरला असेल तर एका डब्याचा कागद चुकला तरी उरलेले नऊ जण तिथेच ताटकळतात. छोट्या निर्यातदारांना सर्वात मोठा फटका यातून बसला, शुल्कातून नव्हे.

लाकडी पॅलेट अनेकांच्या ध्यानातच येत नाही. गटात असताना ते कसंही चालायचं. बाहेर पडल्यावर आयएसपीएम-१५ हे मानक लागू होतं: लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटं तापवलेलं असावं आणि त्यावर तसा शिक्का असावा, ज्यात कणसाचं चिन्ह, देशाचा संकेत, उत्पादकाचा क्रमांक आणि ‘एचटी’ ही अक्षरं येतात. आत सुटे भाग असोत की पुस्तकं, शिक्का नसेल तर पॅलेटमुळे खेप थांबू शकते.

काही माल तर नियमानेच बाद होतो. मांसाची थंड केलेली, न गोठवलेली उत्पादनं, म्हणजे ताजी सॉसेज वगैरे, संघ बाहेरच्या देशांकडून घेतच नाही. ती गोठलेली हवीत. २०२१ मध्ये ग्रेट ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालाबाबत ब्रिटन आणि संघ यांच्यात याच मुद्द्यावर जुंपली होती. ‘ब’ वर्गाच्या, म्हणजे पुरेशा स्वच्छ नसलेल्या पाण्यातले जिवंत शिंपले शुद्धीकरणाआधी पाठवायचा वेल्समधला जुना धंदाही असाच एका रात्रीत बंद झाला. हे नियम ब्रिटनला धडा शिकवायला केलेले नव्हते. बाहेरच्या देशांसाठी ते आधीपासून होते, आणि ब्रिटन आता बाहेरचा देश होता.

उलट दिशेची गोष्ट वेगळी. ब्रिटनने आपल्या आयात तपासण्या वारंवार पुढे ढकलल्या. २०२१ मध्ये बऱ्याचशा मालाचं घोषणापत्र १७५ दिवस उशिरा भरलं तरी चालत होतं. पूर्ण सीमाशुल्क प्रक्रिया १ जानेवारी २०२२ पासून सुरू झाली, आरोग्य प्रमाणपत्रं ३१ जानेवारी २०२४ पासून आणि प्रत्यक्ष तपासणी ३० एप्रिल २०२४ पासून. डोव्हर आणि चॅनल बोगद्यातून येणाऱ्या मालाची चौकी बंदरावर नसून सुमारे ३५ किलोमीटर आत, सेव्हिंग्टनला आहे. तिचं शुल्क मध्यम आणि जास्त जोखमीच्या मालाला प्रत्येक प्रकारामागे २९ पौंड, कमी जोखमीला १० पौंड, आणि एका खेपेला कमाल १४५ पौंड असं ठरलं. गाडी तपासणीला बोलावली नाही तरी ते भरावं लागतं. १९ मे २०२५ रोजी दोन्ही बाजूंनी अन्न आणि वनस्पती-आरोग्याबाबत सामाईक करार करण्याचं तत्त्वतः ठरवलं. तो प्रत्यक्षात आला तर या उत्तराचा मोठा भाग जुना होईल.

प्रश्न: आमचा माल आयर्लंडहून निघतो, ब्रिटनमधून रस्त्याने जातो आणि फ्रान्समध्ये उतरतो. मधल्या देशामुळे दोनदा शुल्क भरायचं का?

नाही, पण ट्रान्झिटचे कागद केले नाहीत तर तशी वेळ येऊ शकते. १९८७ चा सामाईक ट्रान्झिट करार यासाठीच आहे. ब्रिटन संक्रमणकाळानंतर त्यात स्वतंत्रपणे सामील झालं. संघाचा माल असेल तर ‘टी-२’, शुल्क न भरलेला बाहेरचा माल असेल तर ‘टी-१’. निघण्याच्या कार्यालयात घोषणापत्र भरायचं, शुल्क आणि व्हॅट भरून निघेल एवढी हमी द्यायची, संदर्भ क्रमांक असलेला सोबतचा कागद चालकाकडे द्यायचा. सीमा ओलांडताना गाडीची ट्रान्झिट कार्यालयात नोंद, आणि शेवटी पोहोचण्याच्या कार्यालयात व्यवहार बंद.

घोळ होतो तो शेवटच्या पायरीवर. चालक घाईत थेट गोदामात जातो, माल उतरवतो आणि निघून जातो. कागदोपत्री तो माल मधल्याच देशात हरवलेला राहतो. काही आठवड्यांनी चौकशीची नोटीस येते, आणि उत्तर देता आलं नाही तर हमीतून शुल्क वसूल होतं. उतरवण्याआधी ट्रान्झिट बंद झाल्याची खात्री करून घ्या. गाडीत खाद्यपदार्थ असतील तर सील शाबूत ठेवा आणि संघात परत शिरतानाची पूर्वसूचना विसरू नका. हा सगळा व्याप नको म्हणून अनेकांनी मधला देशच टाळला: रॉसलेअर ते डंकर्क थेट फेरी जानेवारी २०२१ च्या सुरुवातीलाच सुरू झाली.

प्रश्न: ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री माल रस्त्यातच असेल तर कुठला कायदा लागला?

जुना. माघार कराराच्या कलम ४७ नुसार मुदत संपण्याआधी सुरू झालेला आणि नंतर संपलेला प्रवास संघांतर्गतच धरला गेला. पण प्रवास आधी सुरू झाला हे वाहतुकीच्या कागदावरून दाखवावं लागलं आणि माल संघाचा असल्याचा पुरावाही द्यावा लागला.

प्रश्न: डोव्हरच्या बंदरावर फ्रेंच पोलीस पासपोर्ट कसे तपासतात? ब्रिटन बाहेर पडल्यावर तो करार संपायला नको होता का?

तो करार युरोपीय संघाचा नाही. एकमेकांच्या बंदरावर पासपोर्ट तपासण्याची मुभा देणारा २००३ चा ल तुके करार ब्रिटन आणि फ्रान्स या दोन देशांमधला आहे. त्याआधी चॅनल बोगद्यासाठी १९९१ चा सांगात प्रोटोकॉल झाला होता. गट सोडल्याने असे द्विपक्षीय करार आपोआप संपत नाहीत. ब्रिटन आणि आयर्लंडमधलं सामाईक प्रवास क्षेत्रही याच कारणाने टिकलं. बदललं ते फ्रेंच अधिकारी काय तपासतो ते. ब्रिटिश पासपोर्ट प्रवेशाच्या दिवशी दहा वर्षांपेक्षा जुना नसावा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध असावा, आणि शेंगेन भागातला (आपसात पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांतला) मुक्काम कोणत्याही १८० दिवसांत ९० च्या वर जाऊ नये. येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेणारी प्रणाली टप्प्याटप्प्याने येऊ लागली. आता दिवसांची मोजदाद संगणकच करतो.

प्रश्न: ब्रिटनशिवाय दुसरी उदाहरणं नाहीत का?

आहेत, आणि कायद्याच्या दृष्टीने ती जास्त उद्बोधक आहेत. व्हेनेझुएलाने २२ एप्रिल २००६ रोजी दक्षिण अमेरिकेतला अँडियन समूह हा व्यापार गट सोडत असल्याचं कळवलं. त्या समूहाच्या कार्ताहेना कराराचं कलम १३५ सांगतं की सूचना दिल्या क्षणापासून सदस्याचे हक्क आणि बंधनं संपतात, फक्त आपसातल्या शुल्क सवलती पुढे पाच वर्षं चालू राहतात. त्यामुळे राजकारणात काडीमोड तत्काळ झाला, पण सीमेवर शुल्काचा बदल एप्रिल २०११ पर्यंत लांबला. युरोपीय संघाच्या करारातल्या कलम ५० मध्ये, म्हणजे बाहेर पडण्याच्या तरतुदीत, असं काहीच नाही. करार झाला नाही आणि मुदत वाढली नाही, तर दोन वर्षांनी सगळे नियम एकदम गळून पडतात. ब्रिटनच्या वाटाघाटींत जी धावपळ दिसली तिचं मूळ या एका फरकात आहे.

पश्चिम आफ्रिकेत माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी इकोवास हा गट सोडला. घोषणा २८ जानेवारी २०२४ ची, अंमल एक वर्षाच्या नोटिशीनंतर २९ जानेवारी २०२५ पासून. त्या दिवशी इकोवासने आपल्या सदस्यांना सांगितलं की या तीन देशांच्या नागरिकांचे इकोवासचं चिन्ह असलेले पासपोर्ट पुढची सूचना येईपर्यंत मान्य करा आणि मालालाही आधीचीच वागणूक द्या. मार्चमध्ये त्या तिघांनी आपल्या तीन देशांबाहेरून येणाऱ्या मालावर अर्धा टक्का कर जाहीर केला.

प्रश्न: सीमेवर आमच्यावर अन्याय झाला तर करारातलं कलम दाखवून न्यायालयात जाता येईल का?

कोणत्या करारातलं, त्यावर अवलंबून आहे. व्यापार आणि सहकार्य कराराच्या कलम ५ मध्ये स्पष्ट लिहिलंय की त्यातून खाजगी व्यक्तींना थेट हक्क मिळत नाहीत. माघार करार उलट आहे. त्याच्या कलम ४ मुळे अटी पूर्ण करणाऱ्या तरतुदींचा आधार व्यक्तीही न्यायालयात घेऊ शकते. म्हणून उत्तर आयर्लंडमधल्या मालाचा वाद आणि डोव्हरवरच्या मालाचा वाद, दोन्ही एकाच पद्धतीने लढवता येत नाहीत.

डोव्हरसारख्या ठिकाणी देशांतर्गत कायद्याचाच रस्ता धरायचा. ब्रिटिश महसूल खात्याच्या शुल्क निर्णयावर ३० दिवसांत फेरविचार मागता येतो किंवा कर न्यायाधिकरणाकडे जाता येतं. माल जप्त झाला असेल तर मुदत वेगळी आहे: जप्तीच्या नोटिशीच्या तारखेपासून किंवा, नोटीस दिलेली नसेल तर, जप्तीपासून एक कॅलेंडर महिन्यात ‘ही जप्ती बेकायदा आहे’ असा लेखी दावा करावा लागतो. तो केला नाही तर जप्ती कायदेशीर होती असंच मानलं जातं आणि तो मुद्दा नंतर उकरून काढता येत नाही. बरेच जण या महिन्यात फक्त ‘माल परत द्या’ अशी विनंतीची पत्रं लिहीत बसतात. विनंती म्हणजे दावा नव्हे. दोन्ही वेगवेगळे अर्ज आहेत, आणि ते एकाच वेळी करता येतात.

वाद टाळायचा असेल तर माल निघण्याआधीच शुल्क वर्गीकरणाचा किंवा मूळ देशाचा बंधनकारक निर्णय मागून घ्यावा. ब्रिटन आणि संघ दोन्हीकडे तो तीन वर्षं चालतो. मात्र ब्रिटनने दिलेला निर्णय संघाच्या अधिकाऱ्यावर बंधनकारक नसतो, म्हणून माल जिथे उतरणार त्या बाजूचा घ्या.